एकवीस रिकामी घरं

इथले अनुभव बरेच दिवस वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी छत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. प्रेशर, टेंपरेचर, फ्लो... काटा हलला तर काहीतरी घडलंय, नाही हलला तर नाही, इतकं साधं होतं माझं. प्लँटमध्ये कुणाला काय दिसायचं, कुणाला काय ऐकू यायचं. मी टॉर्च घेऊन जायचो, तर कुठेतरी वाफेचा व्हॉल्व्ह लीक असायचा. म्हणून हे लिहिताना माझं मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय. कुणाला काही पटवायचं नाहीये. घडलं ते क्रमाने सांगतो.

मी सध्या बिरवाडीला राहतो, एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. महाडमध्ये आमचं स्वतःचं घर होतं, तळमजल्याचं. मोठ्या पुरात त्यात पुरुषभर पाणी आलं. बायको त्याच्या आदल्या वर्षीच वारली होती, आणि मुलगी बेंगळुरूला. एकट्याने तो चिखल उपसल्यावर त्या घरात परत राहावंसं वाटेना, म्हणून कंपनीजवळ खोली घेतली. नंतर रिटायर झालो तरी तिथेच राहिलो. आमच्या मजल्यावर सगळी शिफ्टवाली पोरं राहतात, कुणी यूपीचं, कुणी लातूरचं. दिवसा सगळा मजला झोपलेला असतो. दारांबाहेर सेफ्टी शूज रांगेत, आणि आत फॅनचा आवाज. तीन-तीन दिवस कुणाशी बोलणं होत नाही असंही होतं. मुलगी रविवारी फोन करते, तेव्हा पहिले दोन शब्द घशात अडकतात... ती विचारते, "पपा, सर्दी झाली का?" मी हो म्हणतो.

वेळ जावा म्हणून मी जुने कॉम्प्युटर बनवायला लागलो. जुने म्हणजे अगदी सुरुवातीचे, हौशी लोक घरी सोल्डर करायचे तसले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो : एकच बोर्ड, वहीच्या दोन पानांएवढा. स्क्रीन नाही, माउस नाही. वीस-बावीस बटणं आणि सहा लाल आकडे, जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये असायचे तसे. मेमरी म्हणजे नंबर दिलेली घरं. प्रत्येक घरात एक आकडा बटणांनी स्वतः टाकायचा. मग 'गो' दाबलं की ते आकडे हुकूम म्हणून पाळले जातात. लाईट गेली की सगळं पुसलं जातं, आणि परत चालू केलं तर त्या घरांमध्ये काहीही फालतू आकडे येतात. आम्ही त्याला कचरा म्हणायचो.

आम्ही, म्हणजे मी आणि गणू.

गणपत पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीतला. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला आम्ही दोघं आयटीआयला एका बाकावर होतो. आमच्या सरांकडे असला एक किट कपाटात कुलपात असायचा. गणूने सरांना गोड बोलून तो चार दिवस बाहेर काढवला आणि त्याचा सगळा नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतला. मग अकरा महिने आम्ही तो बोर्ड बनवत होतो. त्याच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती, म्हणून आमच्या महाडच्या घरी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. आई म्हणायची, तुमच्या त्या सोल्डरच्या धुराने माझ्या पोळ्यांना वास लागतो. पहिल्यांदा लाल आकडे लागले, तेव्हा गणू उठून बाहेर गेला आणि नळाखाली तोंड धुऊन आला.

पुढे कंपनीत इंटरव्ह्यू झाले. आम्ही दोघंही गेलो, मला घेतलं. बोर्ड गणूने ठेवायचा असं मीच म्हटलं... दुसरं काय देणार होतो. दोन वर्षांनी आमच्याकडे जागा निघाली, तेव्हा तो मुद्दाम आला आणि साहेबांकडे शब्द टाक म्हणाला. मी टाकतो म्हटलं आणि टाकला नाही. नवीन होतो, भीती वाटली. त्याला ते कळलं. त्यानंतर मीच त्याला टाळायला लागलो. तो मुंबईत टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात लागला. बऱ्याच वर्षांनी पाय मोडला आणि वाडीवर परत आला. त्याची पत्रं यायची, मग पत्रं गेली आणि कधीतरी फोन यायचा. मी 'बोलतो नंतर' म्हणायचो.

पुराच्या दोन वर्षं आधी त्याने कुणाच्या तरी हातून एक वही पाठवली. निळं कव्हर, त्यावर माझं नाव. मी ती कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. उघडली नाही. हे मी इथे स्पष्ट लिहितोय, कारण पुढचं सगळं यावर आहे. कव्हरसुद्धा उलटलं नाही. त्यात मला काहीतरी सुनावलेलं असेल असं वाटायचं. मग पूर आला आणि ती वहीही बुडाली. नंतरच्या वर्षी गणू वारला, तेही मला आठ महिन्यांनी कळलं, पोलादपूर स्टँडवर, दुसऱ्याच कुणाकडून.

रिटायर झाल्यावर सामान लावताना ती वही हाती आली. पानं एकमेकांना चिकटून त्यांचा ठोकळा झाला होता. ब्लेडने एकेक सोडवलं. आत सुनावलेलं काहीच नव्हतं. आमच्या त्या बोर्डाचा सगळा नकाशा होता, त्याच्या बारीक अक्षरात, कुठे कुठला पार्ट ते सगळं. आणि शेवटी एक प्रोग्राम. वर एकच ओळ : 'सुरेश, बनव आणि लावून बघ.'

मी बनवायला घेतला. तसाच्या तसा. जुने किट बनवणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात शिरलो. तिथले लोक फार चांगले निघाले. कुणी नाशिकहून जुना आयसी पाठवला, कुणी बटणं. सहा लाल आकडे तर तेव्हाचेच मिळाले, एका बंद पडलेल्या वजनकाट्यातून काढलेले. पाच महिने लागले. बोर्ड पहिल्या झटक्यात चालला, पण मी उठून बाहेर वगैरे गेलो नाही... सांगायला कुणी नव्हतं एवढंच. ग्रुपवर फोटो टाकला, अंगठे आले.

अडचण प्रोग्रामची होती. वहीत बहुतेक सगळं बॉलपेनने होतं, ते पाण्यात टिकलं. शेवटचं पान मात्र शाईच्या पेनाने लिहिलेलं. त्यावर नुसता निळा डाग. म्हणजे 2040 नंबरच्या घरापासून 2054 पर्यंत (ही मोजणी दहाऐवजी सोळाच्या पटीने चालते), एकवीस घरं, त्यातलं काहीच वाचता येत नव्हतं. आधीच्या भागावरून एवढं कळत होतं, की हा प्रोग्राम त्या सहा आकड्यांच्या जागी काहीतरी दाखवणार आहे. काय, ते त्या गेलेल्या पानात. मी पान उन्हात धरलं, फोनमध्ये घेऊन रंग बदलून पाहिले, ग्रुपवरही टाकलं. काही नाही. शेवटी त्या एकवीस घरांमध्ये शून्य टाकायचो आणि गो दाबायचो. सहाही जागा काळ्या राहायच्या. रोज दुपारी एकदा मी हे करायचो. आता विचार केला तर कशासाठी करायचो कळत नाही. सवय म्हणा.

तो मार्च महिना होता, शुक्रवार. आमच्याकडे शुक्रवारी लाईनच्या कामासाठी लाईट जाते. मी नेहमीप्रमाणे प्रोग्राम टाकला, एकवीस शून्यं टाकली, गो दाबलं, काळं. तेवढ्यात लाईट गेली, दोन वाजून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. खोलीत उकडायला लागलं म्हणून मी कुलूप लावून खाली गेलो, नाक्यावर बसलो, दूध घेतलं. तासाभराने लाईट आल्यावर वर आलो. दार उघडलं.

बोर्डावर सहा अक्षरं लागलेली होती. SUrESH.

इंग्रजी आर छोटा, बाकीची मोठी. असल्या डिस्प्लेवर सगळी अक्षरं येत नाहीत, पण माझ्या नावातली सगळी येतात. ती स्थिर होती, लुकलुकत नव्हती.

मी दुधाची पिशवी हातात धरून उभा होतो. पहिला विचार आला, कुणीतरी आत आलं होतं. पण कुलूप मीच उघडलं होतं. खिडकीला ग्रिल आहे. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये माझं नाव कुणाला माहीत आहे? पोरं काका म्हणतात, मालक साहेब म्हणतो. नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलंच नाही.

लाईट आल्यावर हा बोर्ड फक्त एक ठरावीक अक्षर दाखवून थांबतो. पुढे बटणं दाबल्याशिवाय तो स्वतःहून काहीही करू शकत नाही, आणि मेमरी तर पुसली गेलेली असते. मी फोनने फोटो काढला. हे लाल आकडे आळीपाळीने पेटतात, डोळ्याला कळत नाही पण फोटोत अर्धेच येतात. फोटोत 'SU' आणि एक रेघ आली आहे, तो फोटो पुरावा म्हणून कुणाच्या उपयोगाचा नाही. मग मी रीसेट दाबलं आणि मेमरीतलं एकेक घर उघडून पाहिलं. आधीचा सगळा प्रोग्राम जागच्या जागी होता. 2040 पासून पुढे शून्यं नव्हती. एकवीसच्या एकवीस घरं भरलेली. मी कुरिअरच्या पावतीच्या मागे ते आकडे उतरवून घेतले. दोनदा उतरवले आणि ताडून पाहिले. शेवटचे सहा 6D, 3E, 50, 79, 6D, 76 : माझं नाव. आधीचे पंधरा म्हणजे ते नाव किती वेळ आणि कसं धरून ठेवायचं याचे हुकूम. त्यातला वेळेचा एक आकडा असा विचित्र होता, की मी कधीच निवडला नसता.

पुन्हा गो दाबलं. पुन्हा नाव आलं. मी खुर्चीवर बसून किती वेळ बघत होतो मला सांगता येणार नाही. भीती म्हणाल तर नव्हती.

आणि मग मी ती चूक केली. टेक्निशियनची खोड. लाईट गेल्यावरही मेमरीने धरून ठेवलं असेल का, ते तपासायला मी प्लग काढला, दहापर्यंत मोजलं, परत लावला. कचरा. तेव्हापासून आजपर्यंत शंभर वेळा लावलाय. दर वेळी कचराच येतो, यायला हवा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेला येऊन पोलादपूरची एसटी धरली. पुढे जीप, आणि शेवटची अर्धी वाट चालत. गणूच्या घरी त्याची मोठी बहीण असते, शेवंता आक्का. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, मुलगा मुंबईला. मी तिला शेवटचं पाहिलं त्याला तीस वर्षं तरी झाली असतील. ती अंगणात नाचणीचं पीठ चाळत होती. मी म्हटलं, "आक्का, मी सुरेश. महाडचा."

"ठाव हाय," ती म्हणाली. "बस."

तिने पाणी दिलं. घरात ती एकटीच. समोरच्या तीन घरांना कुलपं. गणपतीला उघडतात, ती म्हणाली. मी बोर्डाबद्दल विचारलं. गणू गेल्यावर वर्षभराने भंगारवाला आला होता, त्याला देऊन टाकला, तिला काय कळणार त्यातलं. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यानं वही धाडली व्हती तुला. भेटली?"

खोटं बोलता आलं असतं. सगळ्या वाटेत मी तेच ठरवत आलो होतो. पण तोंडातून निघालं, "भेटली होती आक्का. मी उघडली नाही. पुरात भिजली, मग उघडली."

तिने चाळण बाजूला ठेवली. मला वाटलं, आता जा म्हणेल.

"त्याला म्हाईत व्हतं तू उघडनार नायस," ती म्हणाली. "म्हनून दुसरी लिवली. बोलला, सुरेश आला तर दे, नाय आला तर चुलीत घाल."

"मग घातली नाहीस?"

"तू आला नाय असं अजून कुठं झालं व्हतं रे."

ती आत गेली. पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणली. तशीच निळी. मी सरळ शेवटचं पान काढलं. शाईच्या पेनाने लिहिलेलं, स्वच्छ. खिशातून कुरिअरची पावती काढली आणि बोट ठेवून एकेक आकडा लावत गेलो. मध्ये एकदा चुकलो, परत पहिल्यापासून सुरुवात केली. एकवीसपैकी एकवीस. तो विचित्र आकडासुद्धा.

आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, काय लिवलंय एवढं. मी म्हटलं, माझं नाव आहे, लाईट लावल्यावर दिसतं.

"तेच ना," ती म्हणाली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "रोज च्याच्या टायमाला लावून बसायचा हितं पडवीत. लाल लाल दिसायचं. मला बोलायचा, आक्का, ह्यो सुरेश आला बघ, ह्यालाबी कप भर."

"मग?"

"मग काय. भरायचे. तोच प्यायचा दोन्ही."

पुढचं नीट आठवत नाही. मी पडवीच्या खांबाला टेकून बसलो होतो, आणि आक्काने चूल पेटवली एवढं आठवतं. मी नाव कसं दिसलं ते तिला सांगितलं, लाईट, कुलूप, सगळं. तिने ऐकून घेतलं. हूं म्हणाली. गणूचा आत्मा वगैरे ती काही बोलली नाही. चहा पिताना तिने मुंबईच्या मुलाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. निघताना म्हणाली, "परत ये. वाट तर कळली ना आता."

मी जातो. पंधरा दिवसांनी एकदा, कधी आठवड्यानेही. बोर्ड घेऊन जात नाही. एकदा विचारलं होतं, आणू का, तर म्हणाली, कशाला, तू येतोस की. दुसऱ्या वहीवरून ते एकवीस आकडे मी घरी बटणांनी टाकून पाहिले, नाव येतं. पण ते मी टाकलेलं आहे, त्यात काही विशेष नाही.

ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा एकाने म्हटलं, मेमरी तासभर टिकली असेल. टिकली असेलही. पण जे टाकलंच नाही ते कसं टिकेल? दुसऱ्याने म्हटलं, तुम्हीच टाकलं असेल आणि विसरला असाल. नाव मी टाकू शकतो, हे मला मान्य आहे. एकटा माणूस आपलं नाव कुठेही लिहील. पण बाकीचे पंधरा? त्या शुक्रवारी दुपारी सव्वादोन ते सव्वातीनच्या मध्ये त्या बंद खोलीत काय झालं, ते मीटर लावून सापडेल असं वाटत नाही, आणि मला मीटरशिवाय दुसरं काही येत नाही.

तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त एक विनंती आहे. ती पहिली वही मी पुराआधी कधीतरी वाचली असणार आणि ती मनात कुठेतरी राहिली असणार, असं तेवढं म्हणू नका. तेवढाच एक खुलासा पटण्यासारखा आहे, हे मलाही कळतं. पण वाचली असती, तर मी तेव्हाच गणूच्या वाडीवर गेलो असतो... गेलो असतो, असं मला वाटतं.